लॅव्हेंडर दसऱ्यानंतर लावा

आपल्याकडे झाड लावायचं म्हटलं की जून डोळ्यांसमोर येतो. मृगाच्या सरी पडल्या की नर्सऱ्या गजबजतात, मोगरा, जास्वंद, गुलाब घरी येतात आणि बहुतेक सगळे जगतातही. लॅव्हेंडरला मात्र हीच सवय नडते. मी पहिलं रोप असंच जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यातल्या आमच्या गच्चीवर आणलं होतं. चार आठवड्यांत त्याने मान टाकली. पाणी कमी पडतंय असं वाटून मी आणखी पाणी घातलं आणि जुलै संपायच्या आत रोप गेलं. कुंडी पालथी करून पाहिलं तर मुळं काळपट झाली होती. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी सुटून हातात आली आणि आत नुसता दोरा उरला. पुढचं रोप दसरा झाल्यावर आणलं. त्याने तीन पावसाळे काढले.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं म्हणूनच तारखेचं असतं. लॅव्हेंडर ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत लावा. पुढचे सात महिने त्याच्या सोयीचे आहेत. तेवढ्यात मुळं भक्कम झाली, तर पहिला पावसाळा निभावण्याची ताकद त्याच्यात येते.

इथे त्याला नेमकं काय जड जातं

लॅव्हेंडर मूळचं भूमध्य समुद्राभोवतालच्या खडकाळ, उघड्या डोंगरउतारांवरचं. तिथे पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा लख्ख कोरडा असतो. जमीन ओली असते तेव्हा हवा थंड, आणि हवा तापते तेव्हा जमीन कोरडी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ऊब आणि ओल एकत्रच येतात. या झाडाच्या मुळांना त्याची सवय नाही, आणि मुळं कुजवणाऱ्या बुरशीला तर तेच हवं असतं.

‘महाराष्ट्रात थंडी नाही, म्हणून लॅव्हेंडर येत नाही’ असं सर्रास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. थंडी लागते ती काही जातींना फुलं धरण्यासाठी. रोप मरतं ते पाण्याने.

भारतात लॅव्हेंडरची शेती रुजली ती जम्मूतल्या डोडा जिल्ह्यात, भद्रवाहच्या परिसरात. सीएसआयआर या देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या जम्मूच्या संस्थेने अरोमा मिशन या सुगंधी पिकांच्या योजनेतून शेतकऱ्यांना रोपं दिली, मक्याची कितीतरी शेतं जांभळी झाली आणि २०२२ मध्ये तिथे पहिला लॅव्हेंडर महोत्सव भरला. ‘जांभळी क्रांती’ म्हणतात ती हीच. तिथले फोटो पाहून रोप आणणार असाल, तर एवढं ध्यानात ठेवा की भद्रवाहला हिवाळ्यात बर्फ पडतो. आपल्या कुंडीत शेतासारखा जांभळा पट्टा दिसणार नाही. राखाडी-हिरवं, हात लावला की दरवळणारं गुडघाभर उंचीचं झुडूप मिळेल, आणि थंडीच्या दिवसांत त्यावर तुरे येतील. मला ते पुरेसं वाटतं.

आणि लॅव्हेंडरचं कूळ आपल्या मातीला अगदीच परकं नाही. लॅव्हेंडुला बायपिनाटा ही त्याची रानातली बहीण आपल्या दख्खनच्या डोंगरांवर आपसूक उगवते. पाऊस ओसरला की तिचे निळसर-जांभळे तुरे दिसतात. पुढच्या वेळी गडावर गेलात तर ती कुठे उभी आहे ते जरा वाकून बघा. उतार, मुरूम, पाणी थांबायला जागा नाही. कुंडीतही आपल्याला तेच साधायचं आहे.

कोणतं रोप आणायचं

नर्सरीत पाटी एकच असते, ‘लॅव्हेंडर’. जात पानांवरून ओळखावी लागते.

पानाच्या कडा बारीक करवतीसारख्या दातेरी असतील, तर ते डेंटाटा. नवख्या माणसाने डोळे मिटून हेच घ्यावं. कडाक्याच्या थंडीवाचून त्याला फुलं येतात आणि आपली दमट हवाही ते इतरांपेक्षा बरी सोसतं. वास कापराकडे झुकणारा, थोडा रोझमेरीसारखा. अत्तराच्या बाटलीतला गोड वास त्याला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तो गोड वास अँगुस्टिफोलियाचा. याची पानं अरुंद, सरळ कडांची आणि राखाडी असतात. उत्तम प्रतीचं तेल याच जातीचं. पण फुलं धरायला याला कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते, ती पुण्यात मिळत नाही. रोप नुसतं पानांवर राहतं. सुवासिक पानांसाठी ठेवायचं असेल तर जरूर ठेवा, फुलांची वाट मात्र पाहू नका.

स्टोएकस नावाची जात तुऱ्याच्या टोकाला सशाच्या कानांसारख्या पाकळ्या असल्याने चटकन ओळखू येते. ऊन छान सोसते, चुनखडीची माती मात्र हिला आवडत नाही. पिसासारखी चिरलेली पानं असतील तर ती मल्टिफिडा किंवा पिनाटा. फुलं भरपूर, पण वास ओव्याच्या पानाच्या जवळचा.

निळ्या तुऱ्यांचं साल्व्हियादेखील कधी कधी लॅव्हेंडर म्हणून गळ्यात मारलं जातं. लॅव्हेंडरच्या पानालाही वास असतो. पान बोटांत चुरडून हुंगा. वास आला नाही, तर फुलं कितीही जांभळी असोत, रोप जागेवर ठेवा.

फुलांनी लदलेल्या रोपापेक्षा बुंध्यापासून चार-पाच फुटवे आलेलं ठेंगणं रोप निवडा. बुंध्याजवळची पानं काळी पडलेली असतील किंवा पिशवीतली माती चिखल झालेली असेल, तर ते रोप घेऊ नका.

बियांचं म्हणाल, तर सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. बी ओलसर टिश्यूत गुंडाळून तीन-चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवायचं, मग मातीवर नुसतं पसरायचं (उगवायला उजेड लागतो, म्हणून पुरायचं नाही), नंतर उगवायलाच दोन ते चार आठवडे. इतकं करून जी दोन-चार रोपं येतात ती फुलायला आणखी वर्षभर घेतात. रोपाचे पैसे त्या मानाने काहीच नाहीत.

कुंडी आणि माती

या भागात घाई करू नका. लॅव्हेंडर जगणार की नाही, ते बरंचसं इथेच ठरतं.

कुंडी मातीची घ्या. तिच्या अंगातून ओल बाहेर पडते, प्लास्टिकच्या कुंडीत ती आतच कोंडते. नर्सरीच्या पिशवीतलं लहान रोप एकदम मोठ्या कुंडीत लावायचा मोह होतो, तो टाळा. मुळं जिथपर्यंत पोचलेली नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि आंबते. पहिलं वर्ष ८ इंची कुंडी, पुढच्या ऑक्टोबरला १० किंवा १२ इंची. तळाला एकच भोक असेल तर आणखी दोन पाडून घ्या.

माझं मिश्रण असं असतं : एक घमेलं पोयटा किंवा साधी बागेची माती, एक घमेलं चाळलेली वाळू, अर्धं घमेलं विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे आणि पाव घमेलं नीट कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. खत मुद्दामच कमी आहे. कोकोपीट घालू नका, कारण ते पाणी धरून ठेवण्यासाठीच असतं. काळी माती तर अजिबात नको.

वाळूबद्दल थोडं सविस्तर सांगते. नदीची जाड वाळू मिळाली तर प्रश्नच नाही. आता बहुतेकांना बांधकामाच्या जागेवरून मिळते ती क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. तिच्यात दगडाची भुकटी असते, आणि ती भुकटी पाण्यासोबत तळाला बसून लादीसारखी घट्ट होते. म्हणून क्रश सँड जुन्या पिठाच्या चाळणीने चाळा. खाली पडेल ते फेकायचं आणि वर राहील ते ठेवायचं, म्हणजे स्वयंपाकघरात करतो त्याच्या उलट. वरचे दाणे जाड रव्यापासून साबुदाण्यापर्यंतच्या आकाराचे हवेत. मग ते बादलीत दोनदा धुवा. पहिलं पाणी ताकासारखं गढूळ निघेल, दुसरं बऱ्यापैकी स्वच्छ.

मिश्रण झालं की रोप लावण्याआधी एक चाचणी करा. कुंडीच्या भोकांवर खापऱ्या ठेवा, कुंडी भरा आणि वरून एक तांब्या पाणी ओता. पाणी वर न साचता आत गेलं पाहिजे आणि मिनिटाभरात खालून वाहायला लागलं पाहिजे. वर तळं साचून राहिलं, तर आणखी वाळू आणि विटांचे तुकडे मिसळा. चाचणीत पास होईपर्यंत रोपाला हात लावू नका.

कोकणात, गोव्यात जांभ्याची माती आंबट असते. लॅव्हेंडरला तटस्थ किंवा किंचित चुनखडीकडे झुकणारी माती मानवते. तिथे मिश्रणात अंड्याच्या टरफलांची पूड दोन-तीन चमचे घाला. रोप स्टोएकसचं असेल तर घालू नका.

लावताना

आपल्या नर्सऱ्यांमधली पुष्कळ रोपं लाल मातीच्या घट्ट गोळ्यात येतात. हा गोळा तसाच नव्या मातीत ठेवला, तर भोवतीचं मिश्रण लगेच सुकतं आणि गोळा आतून दिवसेंदिवस ओला राहतो, किंवा एकदा वाळला की त्यात पाणीच शिरत नाही. दोन्हीने मुळांचा जीव जातो. पिशवी कापून गोळा दहा-पंधरा मिनिटं बादलीतल्या पाण्यात ठेवा. मऊ झाला की कडेची आणि तळाची माती बोटांनी हळूहळू सोडवा, साधारण तिसरा हिस्सा निघाला तरी पुरे. मधल्या मुळांशी झटापट करू नका. गोळा कोकोपीटचा असेल तर त्यातलंही सुटेल तेवढं काढा.

रोप ठेवताना बुंधा आजूबाजूच्या मातीपेक्षा बोटभर वर राहील असं ठेवा. भोवतीची माती कडेकडे उतरती करा. बुंध्याला माती चढवायची सवय बाकीच्या झाडांसाठी ठेवू. वरून बारीक खडीचा एक थर द्या. खडीने पावसाचे, झारीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत आणि खालची पानं कोरडी राहतात. पालापाचोळ्याचं आच्छादन इथे चालत नाही, त्याच्याखाली ओल टिकते.

एकदा भरपूर पाणी द्या, तीन-चार दिवस उजेडाच्या सावलीत ठेवा, मग उन्हात काढा. रोपावर फुलं किंवा कळ्या असतील तर त्या खुडून टाका. जिवावर येतं, पण पहिले दोन महिने ताकद मुळांकडे जायला हवी.

पाणी आणि ऊन

रोज सकाळी सगळ्या कुंड्यांना झारीने थोडं थोडं पाणी, हा आपला नेम. लॅव्हेंडरला त्यातून वगळा. बोट दोन पेरं मातीत घाला. आत कोरडं लागलं तरच पाणी द्या, आणि द्याल तेव्हा खालून वाहेपर्यंत द्या. महिन्याभराने कुंडी नुसती कलती करून वजनावरूनही कळायला लागतं. पुण्यात थंडीत माझ्याकडे चार-पाच दिवसांनी पाळी येते, एप्रिल-मेमध्ये एक दिवसाआड. कुंडीखाली ताटली ठेवू नका.

पानं लोंबलेली दिसली तर आधी मातीला हात लावा, पाण्याला नंतर. माती कोरडी असेल तर पाणी दिल्यावर संध्याकाळपर्यंत रोप ताठ होतं. माती ओली असून पानं लोंबली असतील, तर मुळं त्रासात आहेत. अशा वेळी पाणी पूर्ण थांबवा आणि कुंडी वाऱ्याला ठेवा. माझं पहिलं रोप मी इथेच गमावलं.

ऊन सहा तास तरी हवं. पूर्वेच्या गॅलरीत तीन-चार तास मिळतात, तिथे रोप जगतं पण लांबुडकं होतं, वासही फिका पडतो. दक्षिणेची किंवा पश्चिमेची बाजू थंडीत उत्तम. एप्रिलपासून दुपारी एकनंतर हिरव्या शेडनेटची सावली द्या. विदर्भात, मराठवाड्यात ही सावली मार्चअखेरीसच लागेल, आणि तिथे कुंडी तापलेल्या स्लॅबवर थेट न ठेवता विटांवर ठेवा.

खत म्हणजे ऑक्टोबरात मूठभर गांडूळखत, फेब्रुवारीत मूठभर. युरिया किंवा वारंवार द्रवखत दिलं तर रोप हिरवंगार, लुसलुशीत दिसतं, पण फुलं घटतात आणि पावसाळ्यात तेच सगळ्यात आधी कुजतं. किडीचा त्रास फारसा नाही. कधी पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या कापसाने पुसा.

छाटणी

फुलांचा बहर ओसरला की, साधारण मार्चच्या सुरुवातीला, तुरे देठासकट आणि त्याखालची दोन-तीन इंच हिरवी फांदी कापा. छाटणी न केलेलं लॅव्हेंडर दोन वर्षांत खालून लाकडासारखं, बोडकं होतं आणि मध्येच फाटतं. मात्र कात्री हिरव्या भागातच चालवा. तपकिरी, निष्पर्ण लाकडापर्यंत कापलं तर तिथून नवा फुटवा बहुधा येत नाही. कापण्याआधी त्या फांदीवर खाली बारीक कोंब दिसतायत का ते बघा, कोंबाच्या वरच कापा.

पावसाळा

तयारी मेच्या शेवटच्या आठवड्यात. झुडपाच्या आतल्या, एकमेकींत गुंतलेल्या बारीक फांद्या काढून ते विरळ करा, म्हणजे आतून हवा खेळेल. बाहेरचा घेरही हिरव्या भागातच थोडा कमी करा. मेमध्ये खत घालू नका. ट्रायकोडर्मा मिळत असेल तर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पाण्यातून एकदा द्या. ही जैविक बुरशी मुळं कुजवणाऱ्या बुरशीला अटकाव करते, पण रोग लागण्याआधी दिली तर.

मग जागा बदला. वर छप्पर आणि समोरून उजेड-वारा, अशी जागा हवी : गॅलरीचा छज्जा, जिन्याचं तोंड, गच्चीवरच्या खोलीचा आडोसा. घरात आत नेऊन ठेवलं तर ते पावसाऐवजी अंधाराने जातं. कुंडी दोन विटांवर चढवा आणि शेजारच्या कुंड्यांपासून वीतभर लांब ठेवा. छप्पर नसेल तर चार बांबूंवर पारदर्शक प्लास्टिक ताणा. बाजू उघड्याच राहू द्या, नाहीतर आत वाफ कोंडेल.

झडीच्या दिवसांत आठ-आठ, दहा-दहा दिवस पाणी लागत नाही. दर दोन-तीन दिवसांनी बुंध्याजवळची पिवळी, काळी पानं काढा. राखाडी लव दिसली तर ती फांदी लगेच कापा आणि कात्री डेटॉलच्या पाण्याने पुसा. या चार महिन्यांत नवी वाढ दिसणार नाही. रोप जसं होतं तसं सप्टेंबरला पोचलं, म्हणजे सगळं ठीक झालं.

नाशिक, पुणे, सातारा या पट्ट्यात एवढं केलं की बऱ्याचदा भागतं. मुंबई, कोकण, गोव्यात हवाच इतकी दमट असते की छपराखालीही रोप दगावू शकतं. तिथल्यांनी लॅव्हेंडर ऑक्टोबर ते मे असं हंगामी धरलं तर मनस्ताप कमी होईल. महाबळेश्वरची थंडी मोहात पाडते खरी, पण तिथे वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि महिनोन्महिने धुकं. पुण्यापेक्षा ते अवघड आहे.

तुरे कापणं आणि वाळवणं

तुऱ्यातली तिसरा हिस्सा फुलं उमलली की सकाळी दव सुकल्यावर देठासकट कापा. दहा-बारा देठांची जुडी दोऱ्याने न बांधता रबरबँडने बांधा. देठ वाळून बारीक होतात, दोरा सैल पडतो आणि जुडी गळते. अंधाऱ्या, हवेशीर जागी दोन आठवडे उलटी टांगा. वाळलेली फुलं मलमलच्या पिशवीत घालून साड्यांच्या कपाटात ठेवा आणि अधूनमधून पिशवी चुरगाळा, वास परत जागा होतो.

नुसती कुंडी खिडकीत ठेवून डास जात नाहीत. पानातलं तेल पान चुरडल्यावरच बाहेर येतं. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर त्यांना पानं खाऊ देऊ नका, ती त्यांना बाधतात.

दरवर्षी छाट कलमं

युरोपात लॅव्हेंडर दहा-दहा वर्षं टिकतं. आपल्याकडे एक झुडूप तीन वर्षं चाललं तरी ते चांगलं चाललं असं मी धरते, आणि म्हणून दर ऑक्टोबरला सात-आठ कलमं करून ठेवते. फूल नसलेला, न फार कोवळा न फार जून असा बोटभर लांबीचा शेंडा पेराखाली कापा. खालच्या अर्ध्या भागातली पानं काढा. फक्त वाळू आणि थोडी माती असलेल्या लहान कुंडीत काडीने भोक पाडून तो खोचा, भोवती दाबा आणि उजेडाच्या सावलीत ठेवा. माती जेमतेम ओलसर असू द्या. वरून प्लास्टिकची पिशवी घालून झाकायची पद्धत इथे वापरू नका, लॅव्हेंडरची कलमं तिच्यात काळी पडतात.

चार ते सहा आठवड्यांनी शेंडा दोन बोटांत धरून अगदी हलकेच वर ओढून पाहा. सहज उचलला गेला तर परत दाबून ठेवा. खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखा अडला, तर मुळं सुटली आहेत. आणखी पंधरा दिवसांनी त्याला स्वतंत्र कुंडी द्या, डिसेंबरचं ऊन तोवर आलेलं असतं.